समासातली खोली

नाशिक, २० जून २००४

ती. गोदाताईस,
उपाचा वाकून नमस्कार.

तुझ्या भावाच्या घरी कॉम्प्युटर आला. जीवनच्या ऑफिसात नवी यंत्रं आली, जुनी निघाली, त्यातलं एक तो उचलून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "बाबा, अण्णांच्या कविता उतरवायच्या म्हणत होतात ना? घ्या." पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्याचे आणि पाटचाऱ्यांचे नकाशे पाहिलेला मी, आता एका बोटानं 'अ' शोधत बसतो. पण ताई, कसं सांगू, पहिल्यांदा अण्णांची ओळ पडद्यावर उमटली ना, तेव्हा शाळेच्या फळ्यावर खडूनं काढल्यासारखी वाटली. मी मोठ्यानं म्हटली. छाया स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली, "बाबा, कोण आलंय?"

म्हटलं, पहिलीचा वर्ग आलाय.

येत्या मार्गशीर्षात अण्णांच्या जन्माला शंभर वर्षं होतील. दिंडोरीकडच्या त्यांच्या शाळेत पोरांना वाटायला एक लहानसं पुस्तक करावं असं मनात आहे. अण्णांनी पहिलीच्या पोरांसाठी केलेली गाणी कुठंच छापली गेली नाहीत. ती फक्त दोन ठिकाणी आहेत, तुझ्या डोक्यात आणि माझ्या. त्यातलं माझं डोकं गळकं. म्हणून फ्लॉपी पाठवतो आहे. मराठी अक्षरांचा फाँटही तिच्यातच टाकून दिलाय, आमच्या सूनबाईनं, छायानं. गौरांगनं तुला नवा कॉम्प्युटर घेऊन दिलाय तर त्यावर उघड, चुका दुरुस्त कर, विसरलेलं भर आणि परत पाठव.

या सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे म्हणून सांगू! पानांना आपोआप आकडे पडतात. अनुक्रमणिका एका बटणावर तयार होते. एकच खोड, प्रत्येक मराठी शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारतं. त्याला मराठी येत नाही म्हणून सगळंच चूक! अण्णांनीही कुणाची वही इतकी लाल केली नसेल. पण सगळ्यात गोड सोय अशी, की पानाच्या कडेला पिवळ्या चौकटीत आपण टीप लिहू शकतो. मजकूर तसाच राहतो, बोलणं बाजूला. हे पाहिलं आणि मला अण्णांचा समास आठवला. बाप म्हणून असो की मास्तर म्हणून, तोंडावर कधी शाबासकी दिली नाही त्यांनी. जे काय मायेचं असायचं ते वहीच्या समासात, पेन्सिलनं, बारीक अक्षरात.

तेव्हा ताई, समास नीट वाच. पत्रं तर पोस्टमनपासून तुझ्या लताबाईंपर्यंत सगळे वाचतात. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मला प्रेमाचं ओरडून बोलता येत नाही.

गौरांगनं तुला कायमचं रायपूरला बोलावलंय असं कळलं. चांगलं आहे. मुलाकडे जावंच.

माझी कंबर अजून धरलेलीच आहे. डॉक्टरांनी एस.टी.चे धक्के वर्ज्य सांगितलेत, नाहीतर फ्लॉपीऐवजी मीच आलो असतो.

तुझा,
उपा

(फ्लॉपीवर, मनमाडच्या गाडीच्या गाण्याच्या समासात)
'गाडी थांबे मनमाडला, तहान लागली गार्डाला.' ताई, गार्डाला की इंजिनाला?

(फ्लॉपीवर, 'पाहुणा' या कवितेच्या समासात)
ताई, वर पत्रात लिहिलंय ते खरं नव्हे. रायपूरला जाऊ नकोस. आमची वरची खोली रिकामी आहे. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, सकाळचं ऊन पार कॉटपर्यंत येतं. मी हे छायाला बोलायच्या आधी तीच म्हणाली, "आत्यांना इकडेच आणा ना." येतेस का, कायमची?


सटाणा, ८ जुलै २००४

चि. उपास,
डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद.

फ्लॉपी पोचली. लताबाई, म्हणजे शेजारीण, तिलाही बघायची होती. तिला वाटलं, तिच्यातून गाणं ऐकू येईल. मी म्हटलं, गाणीच आहेत, पण मुकी.

उघडली. अण्णांच्या कविता एवढ्या मोठ्या, स्वच्छ अक्षरात पाहून मला काय झालं ते मी लिहीत नाही. तू चष्मा पुसत बसशील.

गाडीच्या गाण्यात तू काहीतरीच लिहिलं होतंस. गार्डाला कशाला तहान लागेल? त्याच्याकडे तांब्या असतो. 'तहान लागली इंजिनाला' असं आहे ते. दुरुस्त केलं. 'चिंचेखाली चिमणी' मधलं तिसरं कडवं तू गाळलंस, ते भरलं. तू म्हणतोस ते अनुक्रमणिकेचं बटण मात्र माझ्याकडे नाही. गौरांगनं दुकानातून यंत्राबरोबर जे सॉफ्टवेअर आलं तेच ठेवलंय, होम आवृत्ती का काय. शोधून शोधून थकले.

'पाहुणा'ची शेवटची ओळ तू नुसती टिंबं देऊन मोकळी सोडलीस. पहिल्या पाच ओळी बरोबर आहेत:

वाजे कडी, कोण दारी?
वारा असेल, निजा सारी.
वाजे कडी, पुन्हा कोण?
शेळी असेल, शिंगे दोन.
वाजे कडी तिसऱ्या वेळी –

पुढची ओळ मलाही आठवत नाही. टिंबं तशीच ठेवली आहेत.

समासाचं तू लिहिलंस, त्यावरून आठवलं. अण्णा रागावले की काय करायचे? मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. वही परत द्यायचे आणि समास कोरा! मी चौथीत असताना न विचारता आक्काआत्याबरोबर बोहाड्याची सोंगं बघायला गेले होते, तर पंधरवडाभर माझा समास कोरा होता. रडून रडून जीव गेला होता माझा. त्यापेक्षा छडी बरी.

गौरांग दसऱ्यापर्यंत नक्की काय ते सांग म्हणतो. त्याला इथल्या खोल्यांचं भाडं बंद करायचंय, तिकडे माझ्यासाठी पलंग घ्यायचाय. पोरगा चांगला आहे रे. सूनही चांगली. फक्त त्या गावात माझ्याशी एक ओळ मराठीत म्हणणारं कोणी नाही, आणि ते दोघं सकाळी गेले की संध्याकाळी येतात. पण तुलाही तेच बरं वाटतं असं तू लिहिलंस. बाकी जे समजायचं ते समजले.

लताबाई काल माझं तोंड बघून म्हणाली, "माय, तुमना भाऊ रुसेल शे का?" मी म्हटलं, छे गं, तो कशाला रुसून बसेल.

छायाच्या हाताचा चिवडा पोचला. शेंगदाणे जास्त होते, म्हणजे तू जवळ उभा होतास.

तुझी,
ताई


नाशिक, २५ जुलै २००४

ती. ताईस,
उपाचा नमस्कार.

फ्लॉपी मिळाली. इंजिनाची तहान भागवलीस, बरं केलंस.

यंदा अधिक श्रावण. दोन-दोन श्रावण अंगावर आल्यानं छायाची सणांची वही विस्कटली आहे. सिंहस्थाची गर्दी ओसरून वर्ष होत आलं, पण रामकुंडाकडे गेलं की अजून कुणीतरी पत्ता विचारतंच. मी काल तिथं पायरीवर बसलो होतो. एक शाळेची सहल आली होती. बाई पोरांना ओळीत उभं करत होत्या आणि एक पोरगी ओळ सोडून पाण्याकडे पळत होती. मला वाटलं, हीच आमची गोदा. घाटावर बसून मी तुलाच हाक मारणार होतो, "ताई, ओळीत!"

तू अण्णांच्या कोऱ्या समासाचं लिहिलंस. मला त्याची दुसरी बाजू आठवते. ते पेन्सिलनं लिहायचे, आणि आपण वाचून, समजून, रविवारच्या आत खोडरबरानं पुसायचं. पुसलं म्हणजे वाचलं आणि कळलं, त्यावर बोलणं नको. मी आठवडाभर पुसायचो नाही, जपून ठेवायचो, आणि त्याबद्दल बोलणी खायचो. तू मात्र वाचलं की लगेच पुसायचीस. एकदम स्वच्छ. तुझा स्वभाव तेव्हापासूनचाच.

'पाहुणा'ची शेवटची ओळ 'उठा, उठा, पहाट झाली' अशी असेल का? तात्पुरती तीच घातली आहे. पण पहाट कडी वाजवत नाही, हेही कळतंय मला. आठवून बघ.

अनुक्रमणिकेचं बटण असणारच ताई, वरच्या ओळीत, उजवीकडे. चष्मा लावून बघ. तुला यंत्राचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे.

दिशा, माझी नात, रोज संध्याकाळी माझ्याकडून एक गाणं पाठ करते. तिला 'शेळी असेल, शिंगे दोन' म्हणताना डोक्यावर दोन बोटं धरायची असतात. हे कुणी शिकवलं नाही तिला. आपणही तसंच करायचो ना?

तुझा,
उपा

(फ्लॉपीवर, 'पाहुणा'च्या समासात)
ताई, तू पुसलंस ते पाहिलं. म्हणजे वाचलंस. कदाचित घाईत होतीस, कदाचित भावाच्या घरी राहायचं कसं असं मनात आलं असेल. म्हणून परत विचारतो. तुझं शिवणयंत्र खिडकीशी बसेल, मी मोजून पाहिलंय. तुळशीची कुंडी गच्चीत. तू आलीस तर मला कुणाशी तरी भांडता येईल. सांग ना.


सटाणा, २६ ऑगस्ट २००४

चि. उपास,
अनेक आशीर्वाद.

या पाकिटात राखी आहे. नीट उघड, मागच्या वर्षी तू पाकीट फाडताना राखीही फाडली होतीस. दिशाला सांग बांधायला. मला एस.टी. लागते म्हणून मी येत नाही आणि तुझी कंबर म्हणून तू येत नाहीस, दोघांच्यामध्ये हा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा ये-जा करतो. त्याला बरं, ना कंबर ना पोट.

उत्तराला उशीर झाला. मध्ये गौरांग येऊन गेला. चार दिवस होता. त्यानं सामानाची यादी केली. मी शिवणयंत्र लताबाईच्या सुनेला देऊन टाकलं. तिला पोलकी शिवायला शिकायचंय. मोठी भांडी शाळेला दिली, त्यांच्या खिचडीला होतील. तुळस मात्र कुणाला द्यावी कळत नाही. जो तो म्हणतो, "बाई, आमच्याकडे आहे."

गौरांगला मी अजून हो म्हटलेलं नाही. तो म्हणतो, "आई, तुला कसली वाट बघायची आहे?" मी म्हटलं, दसरा आहे ना अजून.

'पहाट झाली' नाही रे उपा. तसं नव्हतं ते. आठवलं की सांगीन. तोवर परत टिंबं घातली आहेत. ती कविता अण्णांनी कधी केली, आठवतं का तुला? आक्काआत्या विधवा होऊन आपल्याकडे राहायला आली, त्या वर्षी. तू तेव्हा एवढासा होतास. ती बैलगाडीतून आली, ओसरीवर बोचकं ठेवलं, आणि अण्णा काहीच बोलले नाहीत. आईनं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी ही कविता फळ्यावर लिहिली आणि मला म्हणाले, घरी जाऊन आत्याला म्हणून दाखव. मी दाखवली. आत्या पदर तोंडाला लावून आत गेली. मग मरेपर्यंत तिथंच राहिली, आपल्या घरात. 'राहू का' असं तिला कधी विचारावं लागलं नाही.

पोरीनं शिंगं केली हे वाचून बरं वाटलं. आपणच करायचो तसं.

तुझी,
ताई


नाशिक, १२ सप्टेंबर २००४

ती. ताईस,
नमस्कार.

राखी न फाडता उघडली. दिशानं बांधली. अजून मनगटावर आहे, छायानं आंघोळीच्या वेळी काढा म्हटलं तरी काढली नाही.

शिवणयंत्र दिलंस हे वाचलं. ठीक आहे.

फ्लॉपी पाहिली. तुझा हात फार स्वच्छ आहे ताई. पुसलेली जागासुद्धा दिसत नाही.

पुस्तक माझ्याकडून पूर्ण झालं. शेवटची ओळ टिंबांचीच राहू दे, पोरं आपापली घालतील. आता तू यात काही बदलू नकोस. तुझ्या यंत्रावर घेऊ नकोस, उघडू नकोस, काही नको. फ्लॉपी तशीच, तू शिकवायचीस त्या शाळेत नेऊन एक प्रत छापून घे. छापलेलं तरी पुसलं जात नाही. तुझी प्रत तुझ्याबरोबर रायपूरला जाऊ दे. तिथं कुणी मराठी बोलणारं नसलं तर ती वाचत जा, मोठ्यानं.

गणपती बसतील पुढच्या आठवड्यात. यंदा मूर्ती लहान आणली आहे, मला वाकवत नाही म्हणून.

उपा

(फ्लॉपीवर, 'पाहुणा'च्या समासात)
ताई, दोनदा विचारलं, दोनदा तू वाचून पुसलंस. तुझं उत्तर कळलं. पण कडी कवितेतही तीनदा वाजते, म्हणून हे एकदा. खोली मी तशीच ठेवणार आहे, कुणाला देणार नाही. रायपूरला करमलं नाही तर पत्रसुद्धा पाठवू नकोस. रात्री-अपरात्री, केव्हाही ये. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. – उपा


सटाणा, ५ ऑक्टोबर २००४

अरे उपा,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी हे वाच.

काल तुझी फ्लॉपी घेऊन शाळेत गेले. तू म्हणालास तसं, माझ्या यंत्राला हात न लावता. ऑफिसात पुंजाराम आहे, माझा विद्यार्थी, आता तिथं क्लार्क. मला बघून उभा राहिला, खुर्ची पुसली. "बाई, छापून देतो ना, बसा तुम्ही." फ्लॉपी घातली, पान उघडलं, आणि म्हणाला, "बाई, कडेला हे काय शे?"

मी म्हटलं, काय?

"हे पिवळं. टिपा. ह्या पण छापायच्या का?"

मी चष्मा वर केला, खाली केला. पडद्याच्या उजव्या कडेला पिवळी चौकट होती आणि तिच्यात तुझं नाव. 'ताई, दोनदा विचारलं.'

उपा, मी ते उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. पुंजारामला वाटलं कुणीतरी गेलं आपल्याकडचं. तो पाणी घेऊन आला. मी त्याला विचारलं, हे माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर का नाही दिसत? त्यानं विचारलं, "बाई, तुमच्याकडे कुठली आवृत्ती शे?" मी म्हटलं, होम. तर म्हणाला, "मग नाहीच दिसणार. हे प्रोफेशनलमध्ये असतं. होमवाली फक्त मजकूर उघडते, टिपा टाकून देते. आणि बाई, तुम्ही तिथं सेव्ह केलं ना, की टिपा गेल्याच. फ्लॉपीवरून पण."

घरी येऊन यंत्राचा खोका माळ्यावरून काढला, लताबाईला स्टुलावर चढवून. आत एक गुळगुळीत कागद होता. दोन रकाने, दोन आवृत्त्या, आणि खाली सगळ्या सोयी. प्रोफेशनलच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. माझ्या रकान्यात अनुक्रमणिकेपुढे फुली. समासातल्या टिपांपुढे फुली. वर ठसठशीत अक्षरात, 'घरासाठी उत्तम'. घरासाठी म्हणे! घरातलं बोलायची सोय तेवढी काढून घेतली आणि उत्तम! म्हणजे बटण माझ्याकडे नव्हतंच, तू मला चष्मा लावायला सांगत होतास.

आता ऐक. मी काही पुसलं नाही. एक अक्षर नाही. मला तुझा समास कोराच दिसत होता. जूनपासून कोरा! तू पत्रात लिहायचास 'समास नीट वाच', आणि मी बघायचे तर पांढरं फटक पान. मला वाटलं, अण्णांचा मुलगा, रागावला. का रागावला ते कळेना. मला वाटलं, ताई आपल्या गळ्यात पडेल की काय म्हणून आधीच समास कोरा ठेवतोय, आणि वर 'मुलाकडे जावंच' असं सुनावतोय. चौथीतल्यासारखी रडले मी, या वयात. लताबाईला विचार. आज तिला सगळं सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मी नव्हतं का म्हटलं, रुसेल शे? पण तो नाही, यंत्र रुसेल शे!"

आणि तू तिकडे बसून समजत होतास की मी वाचते आणि पुसते. अरे, मी एवढी कोरडी आहे का?

आता एक कर. आधी दोनदा काय लिहिलं होतंस ते मला पाठव. माझ्याकडे ते उरलेलं नाही. ते वाचल्याशिवाय मी काहीही सांगणार नाही. दसरा जवळ आलाय.

ताई

ता. क. – आशीर्वाद राहिलेच. घे.


नाशिक, ९ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,

पत्र दुपारी आलं. मी ते ओट्यापाशी उभा राहून छायाला वाचून दाखवलं आणि मध्येच मला वाचवेना, मग तिनं मला वाचून दाखवलं. ती हसत होती आणि डाळ करपत होती.

जूनचं आणि जुलैचं पान माझ्या यंत्रात जपून होतं. तुला ठाऊक आहे, मी कधी पुसत नसे. दोन्ही छापून याबरोबर पाठवतो, समासासकट. आता कागदावर आहे, कुठलीही आवृत्ती असली तरी दिसेल. 'पाहुणा'चं कोऱ्या समासाचं एक पानही ठेवलंय, टिंबांसकट, ते तुझं.

पत्रात मी जे लिहिलं, रायपूरचं, मुलाकडे जावंच वगैरे, ते पोस्टमनसाठी होतं. मला वाटलं, खरं काय ते तू समासात वाचशीलच. अण्णांच्या घरात वाढलेल्यांना दुसरं सुचणार काय? जीवन म्हणाला, "बाबा, सरळ पत्रात लिहायचं ना, आत्या, ये म्हणून. दोन शब्द." त्याला काय सांगू. त्याच्या वह्यांना समास होता, पण त्यात कुणी काही लिहीत नसे.

तर हे घे, मजकुरात, भर ओळीत, लताबाईंनी मोठ्यानं वाचलं तरी चालेल:

ताई, ये.

उपा


सटाणा, १४ ऑक्टोबर २००४

चि. उपास,
अनेक आशीर्वाद. छायाला, जीवनला आणि शिंगांच्या पोरीलाही.

दोन्ही पानं वाचली. लताबाईनंही वाचली, दोनदा. खिडकी मोजलीस आणि मी यंत्र देऊन बसले. असू दे, तिची सून काल पहिलं पोलकं शिवून घेऊन आली, बाह्या उलट्या लावल्यात पण हात चांगला आहे. परत मागत नाही.

गौरांगशी फोनवर बोलले. म्हणजे तो ओरडला आणि मी ऐकलं. म्हणाला, "आई, मामाकडे जायचं होतं तर आधी का नाही सांगितलंस? मी काय नाही म्हटलं असतं?" मी म्हटलं, मामानं विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "आणि विचारलं?" मी म्हटलं, तीनदा. त्याला काही कळलं नाही. तो दिवाळीला नाशिकला येतो म्हणाला, तिथंच. जरा हिरमुसला आहे, पण मला वाटतं सुटलाही आहे. एवढ्या लांब म्हातारीला एकटीला दिवसभर घरात ठेवायचं, याचा त्यालाही घोर होता, बोलत नव्हता. त्याच्या वहीतही समास असणार, बघ.

आता ती शेवटची ओळ. ती मला पहिल्या दिवसापासून आठवत होती उपा. विसरेन कशी? मीच तर आक्काआत्याला म्हणून दाखवली होती. पण तुझा समास कोरा बघून ती ओळ माझ्या हातानं लिहायची म्हणजे, आपणच आपल्यासाठी दार उघडा म्हणायचं. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून टिंबं.

तुझं कोरं पान भरून परत पाठवते आहे. कॉम्प्युटरवर नाही, हातानं. माझ्या आवृत्तीचा आता भरवसा नाही.

तुझी,
ताई

(सोबतच्या छापील पानावर, टिंबांच्या जागी, शाईनं)

वाजे कडी तिसऱ्या वेळी –
उठा, उठा, आत्या आली!

(त्याच पानाच्या समासात, पेन्सिलनं, बारीक अक्षरात)

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. जीवनला जीप घेऊन पाठव, मला एस.टी. लागते. तुळस मांडीवर घेऊन येईन, गच्चीत जागा कर. हे वाचून झालं की पुसू नकोस.